लग्नाची डीव्हीडी होम सर्व्हरवर टाकताय? आधी नाव लिहा

बीड जिल्ह्यात अनेकांच्या कपाटात लग्नाच्या डीव्हीडी पडून आहेत आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडला की कॉपी होते. साध्या डिस्कमध्ये ४.७ जीबी मावते. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशे डिस्क बसतात.

खरी अडचण नावाची. सिनेमाचे नाव आणि वर्ष दिले की जेलीफिनसारखा सर्व्हर पोस्टर, कलाकार इंटरनेटवरून आणतो. गेवराईतल्या लग्नाची माहिती तो कुठून आणणार? डिस्कच्या आत तर प्रत्येक लग्नाची फाइल ‘व्हीटीएस_०१_१’च! म्हणून कॉपी होताच फोल्डरला नवरा-नवरी, गाव, तारीख लिहावी. तीही पाहुणे ओळखणारी आजी शेजारी असतानाच. घरी लिहिलेल्या डिस्कचा थर उष्णतेने खराब होतो. पत्र्याच्या घरात हे काम मे महिन्याआधी उरकलेले बरे.