घरचा हिशेब : रद्द तिकिटाची पत

मार्गशीर्षातील नवरात्र आले की आमच्या अंबाजोगाईत परगावच्या पाहुण्यांची वर्दळ वाढते. श्रीयोगेश्वरी ही कोकणस्थांतील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी; त्यामुळे पुणे-मुंबईचीच नव्हे, तर बंगळूर-दिल्लीची मंडळीही कुलधर्मासाठी आवर्जून येतात. गावास विमानतळ नाही. दूरची मंडळी छत्रपती संभाजीनगर, नांदेड अथवा पुणे येथे उतरून पुढे मोटारीने येतात. तिकिटे स्वस्त पडावीत म्हणून ती दोन-तीन महिने आधी घेण्याचा प्रघात पडला आहे. परंतु सोयर, सुतक आणि आजारपण ही काही तिकीट पाहून येत नाहीत.

आमच्या परिचयातील एका बंगळूरच्या कुटुंबाचीच गोष्ट घ्या. निघण्याच्या आठवडाभर आधी भावकीत मृत्यू घडला, सुतक आले, आणि चौघांची तिकिटे रद्द करावी लागली. ‘रक्कम परत हवी की पुढील प्रवासासाठी जमा ठेवावी?’ असा प्रश्न पुढे येताच थोरल्या सूनबाईंनी दुसरा पर्याय स्वीकारला. पुढच्या वर्षी देवीस जायचेच आहे, मग पैसे तिथेच राहिले तर काय बिघडले, असा त्यांचा सरळ विचार. वर्ष उलटले. सासूबाईंच्याने आता प्रवास होईना. त्यांच्याऐवजी धाकट्या सूनबाईंनी ओटी घेऊन जावे असे ठरले. तेव्हा कळले की जमा रक्कम ज्याच्या त्याच्या नावे असून दुसऱ्यास वापरता येत नाही. शिवाय मुदत रद्द केल्या दिवसापासून नव्हे, तर तिकीट घेतल्या दिवसापासून मोजलेली होती, आणि ती उलटून गेली होती.

अशा जमा रकमेस विमान कंपन्या ‘क्रेडिट शेल’ म्हणतात. तिचे गणित नीट ध्यानी घ्यावे. समजा, तिकीट ६,००० रुपयांचे. त्यात मूळ भाडे ४,८०० आणि कर व विमानतळ शुल्क १,२००. रद्द करण्याचे शुल्क ३,५०० असेल, तर हाती उरले २,५००. पुढील तिकीट ७,५०० चे निघाले, तर ५,००० पदरचे घालावे लागतात. तिकीट रद्द न करता नुसती तारीख बदलली, तरीही बहुधा बदलाचे शुल्क आणि भाड्यातील फरक असे दोन्ही द्यावे लागतात.

याबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत, आणि ते प्रवाशास अनुकूल आहेत. रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक घेता येत नाही. ‘परतावा नाही’ अशा सवलतीच्या तिकिटावरही कर आणि विमानतळाची शुल्के परत द्यावी लागतात. सर्वांत महत्त्वाचे हे की परतावा क्रेडिट शेलमध्ये ठेवणे हा प्रवाशाच्या इच्छेचा प्रश्न आहे. कंपनीने तो आपणहून लादावयाचा नाही. उड्डाण कंपनीनेच रद्द केले, तर दुसरे उड्डाण की पैसे, ही निवडही प्रवाशाचीच.

२०२० च्या टाळेबंदीत हा प्रश्न देशभर पेटला होता. ‘प्रवासी लीगल सेल’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निर्णय दिला. अडचणीतील कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेलची मुभा मिळाली. परंतु ती रक्कम कोणत्याही मार्गासाठी वापरता यावी, दुसऱ्याच्या नावे करता यावी, तीवर ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का व पुढे पाऊण टक्का वाढ मिळावी, आणि न वापरलेली रक्कम शेवटी रोख परत व्हावी, अशा अटी घातल्या गेल्या. ती व्यवस्था त्या काळापुरतीच होती. एरवी जमा रकमेवर व्याज नसते, उलट मुदतीची टांगती तलवार असते.

आणखी एक धोका आहे. जमा रक्कम म्हणजे आपण कंपनीस दिलेले उसने, तेही तारणावाचून. गो फर्स्टची उड्डाणे ३ मे २०२३ रोजी थांबली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश झाला. अशा वेळी प्रवासी धनकोंच्या रांगेत, आणि तेही मागे, उभा राहतो.

म्हणून गृहिणींनी व गृहस्थांनी एवढे पाळावे. जाणे होणार नाही असे ठरताच उड्डाणापूर्वी तिकीट रद्द करावे; नुसते गैरहजर राहिल्यास बहुधा करांखेरीज काही उरत नाही. घरात मृत्यू वा गंभीर आजार असेल, तर दाखला पाठवून शुल्कमाफी मागावी; मागितल्यावाचून ती मिळत नाही. पैसे परत मिळत असतील, तर तेच घ्यावेत. जमाच ठेवायचे झाल्यास तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: रक्कम कोणाच्या नावे, मुदत कोणत्या दिवसापासून, आणि त्या मुदतीत तिकीट काढले की पुरे, की प्रवासही उरकला पाहिजे. ही उत्तरे घरच्या जमाखर्चाच्या वहीत लिहून ठेवावीत.

त्या कुटुंबाची ओटी शेवटी देवीस पोहोचली. धाकट्या सूनबाई नवे तिकीट काढून आल्या. सासूबाईंना जुन्या रकमेचे कळले तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, “देवीचे देणे आपण लक्षात ठेवले, कंपनीकडचे येणेही तसेच ठेवायला हवे होते.”