चौकटीतले चित्र आणि द्राक्षाचे पान



मागच्या हंगामात निफाड तालुक्यातील एका वस्तीवर मुक्काम पडला. रात्रीच्या पाळीच्या लाईटची वाट पाहत घरचा मुलगा मोबाईल घेऊन ओट्यावर बसला होता. वडील म्हणाले, "साहेब, या पोराला दोन शब्द सांगा. नुसत्या चौकटी काळ्या करीत बसतो."

मी जवळ जाऊन पाहिले. पडद्यावर चौकटींची जाळी होती. प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीच्या टोकाला आकडे. आकडा सांगेल तितकी घरे सलग भरायची. दोन आकडे असले तर मध्ये निदान एक घर मोकळे सोडायचे. सगळे जुळले की चित्र उमटते. आपल्या भगिनी दसुतीवर घरे मोजून मोर भरतात, तसेच हे. मात्र येथे नमुना समोर नसतो, तो आकड्यांवरून शोधायचा.

या कोड्याला नोनोग्राम म्हणतात. १९८७ साली जपानमध्ये नोन इशिदा या बाईंनी उंच इमारतींच्या खिडक्यांतील दिवे लावून-विझवून चित्रे काढली, त्यातून ही कल्पना निघाली. त्याच सुमारास तेत्सुया निशिओ यांनीही स्वतंत्रपणे अशीच कोडी रचली.

"अंदाजाने भरतोस का रे?" मी विचारले.

"नाही साहेब. एक घर चुकले की पुढची दहा चुकतात."

त्याने दाखविले. ओळीत १० घरे आणि आकडा ८. डावीकडून मोजा की उजवीकडून, तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतची ६ घरे भरणारच. आधी तेवढीच भरायची. जे घर नक्की मोकळे, तेथे फुली. बाकीच्यांना हात लावायचा नाही.

मंडळी, हे ऐकून मला माझी जुनी चूक आठवली. नोकरीच्या सुरुवातीला एका बागाईतदाराने द्राक्षाचे पान आणून दाखविले. पांढरे दिसले, मी भुरी सांगून मोकळा झालो. पान उलटून पाहिले नाही. पांढरे खालच्या बाजूला होते आणि वर तेलकट पिवळे डाग होते. तो केवडा होता! भुरीचे औषध केवड्याला लागू पडले नाही. फवारणीचा पैसा गेला, घडही गेले. त्या माणसाने मला शब्दाने दुखविले नाही, पण ती गोष्ट अजून सलते.

तेव्हा पान हाती आले की आधी नक्की काय ते पाहा. डाग कोणत्या बाजूला? पाऊस, दव किती? जे नाही त्यावर फुली मारा. एवढे करून उलगडले नाही तर ते पान घेऊन जाणत्याकडे या. अंदाजाने पंप पाठीवर घेऊ नका.

वडिलांना मी इतकेच म्हणालो, "आबा, लाईट येईपर्यंत खेळू द्या. आली की मात्र मोबाईल खिशात." मुलगा हसला.

आकड्यांच्या खेळाला आपला जिल्हा नवखा नाही. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी असेच आकडे जुळवीत ६१७४ या संख्येची गंमत जगाला दाखविली.

ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी पाटीवर ५ × ५ घरे आखावीत. आडव्या ओळी, वरून खाली: १, ३, ५, १ व १, १ व १. उभ्या ओळी, डावीकडून उजवीकडे: १, ४, ३, ४, १. मुलांना सोडवू द्या, आपण सांगू नका. उत्तर पुढील अंकी.