रोमकरांस १३ वाचताना फिलिप्पै विसरू नका

संपादक महाशय,


बाहेर राजकारण तापले की आपल्या मंडळ्यांत रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडला जातो. सत्ता देवाने नेमलेली आहे, तेव्हा अधीन राहा, प्रार्थना करा आणि गप्प बसा, असा त्याचा अर्थ वडीलधारी मंडळी लावतात. तरुणांना ते पटत नाही. मग ती मोबाइलवर आलेल्या चिडक्या मेसेजना तितकेच चिडून उत्तर देत बसतात. दोन्हीकडची माणसे शास्त्र मानणारी आहेत. पण पौल पूर्ण वाचायची तयारी कुणाचीच दिसत नाही.

काळ कठीण आहे, हे खरेच. डिसेंबर २०२१ मध्ये इथे बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरले असताना धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झाले आणि २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. २०२३ मध्ये सरकार बदलले, आणि नव्या मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. तिकडे मध्य प्रदेशात असा कायदा १९६८ पासून आहे. २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या बंधुभगिनींना ही चिंता नवी नाही. घरगुती प्रार्थनासभेला शेजाऱ्यांना बोलवावे का, कॅरल पार्टी कुठल्या रस्त्याने न्यावी, अशा साध्या गोष्टींसाठीही लोक आता दोनदा विचार करतात.

अशा वेळी हे पत्र लिहिणारा पौल कोण होता, ते बघा. त्याने ते साधारण इ. स. ५७ च्या सुमारास लिहिले. त्याआधी फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला चौकशी न करताच फटके मारून तुरुंगात टाकले होते. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. आपण असतो तर देवाचे उपकार मानून गुपचूप घरी गेलो असतो. पौल गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला न्यायनिवाड्याशिवाय मारले, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे, असा त्याने आग्रह धरला. आणि ते आले, विनवणी करत आले (प्रेषितांची कृत्ये १६:३५-३९). म्हणजे पाठीवर त्या फटक्यांची आठवण असलेल्या माणसाने रोमकरांस १३ लिहिले आहे.

नंतरही तो तसाच वागला. यरुशलेमेत फटके मारायला बांधले तेव्हा त्याने नागरिकत्व सांगितले. चाळीसहून अधिक माणसांनी त्याला मारण्याचा कट केला, तेव्हा भाच्याला सरदाराकडे पाठवून त्याने संरक्षण मिळवले. शेवटी कैसराकडे दाद मागितली. दगड त्याने एकदाही उचलला नाही आणि शिवीगाळ करत सुटला नाही. पण हक्क सोडून देणे म्हणजे नम्रता, असेही त्याने कधी मानले नाही.

शास्त्राचा एक तुकडा तोडून वाचला की काय होते, हे दक्षिण आफ्रिकेत दिसले. वर्णभेदाच्या राजवटीला तिथे रोमकरांस १३ चा आधार दिला जाई. १९८५ च्या कैरोस दस्तऐवजात तिथल्याच ख्रिस्ती लोकांनी त्या वापराला उघड विरोध केला. आपल्याकडे आणीबाणीत, १९७५ ते ७७ मध्ये, मंडळ्यांतले पुष्कळ पुढारी गप्प राहिले. एम. एम. थॉमस यांच्यासारख्या थोड्यांनी मात्र विश्वासाच्याच आधारावर लिहून विरोध केला. आणि वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले, तेव्हा दबाव कमी नव्हता. त्यांच्या सोबत सर्व धर्मांचे वसईकर होते, हे महत्त्वाचे.

मग आपण काय करावे? माझ्या मते प्रत्येक मंडळीने वर्षातून एकदा तरी एखाद्या जाणत्या वकिलाला बोलवावे. घटनेच्या कलम २५ ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादा आहेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. या दोन्ही बाजू लोकांना नीट समजावून सांगा. अर्धवट माहितीने भीतीही वाढते आणि आगाऊपणाही. उपासनास्थळाची कागदपत्रे, वर्गणीचा हिशेब चोख ठेवा. काही घडले तर तक्रार लेखी द्या आणि तिची पोच घ्या.

व्यासपीठावरून अमक्याला मत द्या, असे मात्र कुणी सांगू नये. धर्माच्या नावावर मत मागणे कायद्यालाही मान्य नाही, आणि मंडळी ही कुठल्या पक्षाची शाखा नाही. एकाच बाकावर मराठी आणि कन्नड बोलणारे, वेगवेगळ्या पक्षांना मत देणारे बसतात. ते बसत राहिले पाहिजेत. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना मात्र जरूर करावी, आपण ज्यांना मत दिले नाही त्यांच्यासाठीसुद्धा.

तरुणांना शेवटी एकच सांगणे. तेराव्या अध्यायाच्या आधी बारावा आहे. तो वाइटाची फेड वाइटाने करू देत नाही. आणि तेराव्यातच आठव्या वचनापासून शेजाऱ्यावरील प्रीतीची गोष्ट आहे. वडीलधाऱ्यांनी गप्प बसण्यासाठी आणि तरुणांनी भांडण्यासाठी शास्त्र वापरणे थांबवले, तर पौलाचे म्हणणे आपल्या ध्यानात येईल. कायदा मोडू नका, पण कायद्याने दिलेला हक्क मागताना लाजूही नका.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, बेळगाव