‘ॲडजस्ट’ कोणी करायचं?

प्रवेशाचे दिवस आले की मैत्रिणींचे फोन येतात, “लेकीला होस्टेल मिळालं, पण खोलीत कोण येणार कोण जाणे!” काळजी साहजिक आहे. मला मात्र ही अनोळखी खोली फार मोलाची वाटते. आपल्या मुलींच्या मैत्रिणी बहुधा आधीच ठरलेल्या असतात. गल्लीतल्या, नात्यातल्या, म्हणजे पुष्कळदा जातीतल्याच. लग्नानंतरही ती परक्या घरात जाते, पण तिथं सासू, जाऊ, नणंद ही नाती तयारच असतात. वसतिगृहात तिला स्वतः नातं जोडावं लागतं.

एम.एस.डब्ल्यू. करताना आमच्या खोलीत आम्ही तिघी होतो. एक नंदुरबारकडची, भिल्ल समाजातली. दिवाळीनंतर तिनं घरून सुकट आणली. वास येतो म्हणून रेक्टरकडे तक्रार मीच केली. समतेवर निबंध लिहिणारी मी! रेक्टरबाई तिला म्हणाल्या, “जरा ॲडजस्ट करून घे.” तिनं डबा गच्चीवर ठेवला, पुढे आणणंच बंद केलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथल्या मुलींना आपापले जातीचे आचार पाळण्याची मुभा दिली होती. एकत्र राहणाऱ्या मुलींच्या ताटाचा प्रश्न इतका जुना आहे.

आमची मैत्री झाली ती ग्रामीण शिबिरात. पाड्यावर बायकांशी बोलायचं तर भाषा तिलाच येत होती, आम्ही तिच्या मागे मागे. एका रात्री ती म्हणाली, “वास येत होता तर मला सांगायचंस. रेक्टरकडे कशाला गेलीस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

म्हणून ‘मुलींना आपापल्या पार्टनर निवडू द्या’ हे म्हणणं मला पटत नाही. तसं केलं की खोलीत पुन्हा गल्लीच येते. पण ‘एकत्र ठेवा, आपोआप जमेल’ हेही खरं नाही. डॉ. पायल तडवी या आदिवासी निवासी डॉक्टरचा मे २०१९ मध्ये मुंबईत मृत्यू झाला. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. आरोपांचा निकाल न्यायालय देईल. पण त्रास होणाऱ्या मुलीनं जायचं कुणाकडे, हा प्रश्न प्रत्येक वसतिगृहाचा आहे.

खोल्या मिसळूनच द्याव्यात. मात्र घराबाहेर पहिल्यांदा पडलेली आदिवासी वा दलित मुलगी खोलीत एकटी पडू नये, तिच्यासारखी आणखी एक तरी सोबत असावी. बाकीच्यांना शहाणं करण्याचं काम तिच्या एकटीवर कशाला? आणि ‘ॲडजस्ट कर’ हे रेक्टरनं कुणाला सांगितलं, याची नोंद व्हावी.

आपल्यापैकी ज्या मैत्रिणी वसतिगृहांच्या समित्यांवर आहेत, त्यांनी पुढच्या प्रवेशांआधी एवढं विचारून यावं: खोल्यांची यादी कोण करतं, आणि कशावरून?