आधी रोजकीर्द, मग पोस्टिंग



कॉमर्सला आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत, म्हणजे जर्नलमध्ये लिहायचा. मग तिथून खतावणीत न्यायचा. या दुसऱ्या कामाला पोस्टिंग म्हणतात. हल्ली आपण सगळ्याजणी पोस्टिंग तेवढं करतो, रोजकीर्द कुणाकडेच नाही. सकाळी मंदिराचा फोटो, दुपारी ढोकळ्याचा, संध्याकाळी नातवाचा. पोस्ट टाकणं बंद करा असं मी म्हणत नाही. तीच पोस्ट रात्री स्वतःच्या वहीत उतरवा आणि फोटोत जे आलं नाही ते तिच्याखाली लिहा.

रोजकीर्दीतल्या नोंदीला दोन बाजू असतात, नावे आणि जमा. खाली एक ओळ स्पष्टीकरणाची, व्यवहार कशाबद्दल झाला याची. पोस्टमध्ये फक्त जमा दिसते. उपवास झाले, पारणं झालं, फोटो छान आला. त्या दिवसाची चिडचिड, कंबरेचं दुखणं, कुणाचा मनाला लागलेला शब्द हे नावे बाजूला कुठेच पडत नाही. मग हिशेब जुळत नाही, आणि ते रात्री झोप न लागल्यावर कळतं.

माझी भाची म्हणते, "मग तेही फेसबुकवर मोकळेपणाने लिही ना, मावशी." मला ते पटत नाही. आपल्याकडे दोष पाहण्याच्या दोन रीती सांगितल्या आहेत. निंदा स्वतःच्या साक्षीने, गर्हा गुरूच्या साक्षीने. चारशे जणांच्या साक्षीने अशी तिसरी रीत नाही. लोकांसमोर लिहिताना हात सावरून लिहितो, आणि किती अंगठे आले हे मोजताना मान हा कषाय जागा होतोच. शिवाय आपल्या गोष्टीबरोबर घरातल्या दुसऱ्या माणसाची गोष्टही त्याला न विचारता बाहेर जाते.

बनारसीदासांनी १६४१ मध्ये 'अर्धकथानक' लिहिलं, त्यात व्यापारातली खोट, मुलांचे मृत्यू, स्वतःचे दोष सगळं उघड सांगितलं. पण ते पंचावन्न वर्षं जगल्यावर, त्याच संध्याकाळी नव्हे.

ह्यांच्याशिवायचं माझं पहिलं दशलक्षण पर्व आलं, तेव्हा मी पूजेच्या थाळीचा फोटो स्टेटसला ठेवला होता. लोकांनी हात जोडले, फुलं पाठवली. वहीत त्या फोटोखाली सात ओळी आहेत. त्या मी इथे लिहिणार नाही. पण त्या लिहिल्या म्हणूनच दुसऱ्या दिवशी मंदिरात जाता आलं.

पद्धत सोपी आहे. व्हॉट्सअॅपचं स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून त्याच रात्री लिहावं. फेसबुकवर 'ओन्ली मी' अशी सोय आहे, जुन्या पोस्टची प्रतही उतरवून घेता येते. मला मात्र शंभर पानी वहीच बरी वाटते. तारीख, पोस्टचे शब्द जसेच्या तसे, खाली तीन-चार ओळी. आलेले फॉरवर्ड उतरवू नका, तो आपला व्यवहारच नाही. सामायिकाला आपण ४८ मिनिटं बसतो, याला दहा पुरतात.

प्रतिक्रमण जसं रोजचं, पंधरवड्याचं, चार महिन्यांचं आणि वर्षाचं, तशीच वहीही अधूनमधून मागे जाऊन वाचावी. एकच नाव चार पानांवर आलं, तर खातं कुठे अडलंय ते समजतं.

क्षमावाणीला आपण सगळ्यांना एकच 'उत्तम क्षमा' पाठवून मोकळ्या होतो. यंदा त्याआधी वही उघडा. मेसेज कुणाला पुरेल आणि फोन कुणाला करायला हवा, ते तिथे तुमच्याच अक्षरात असेल.