पंचावर ओरडून उपयोग नाही. सॉफ्टबॉलमध्ये हरकत घ्यायची रीत ठरलेली आहे

शालेय सॉफ्टबॉलचे सामने आले की एक प्रकार हमखास घडतो. पंच आऊट देतो, क्रीडाशिक्षक मैदानात धावतात, पालक आरडाओरडा करतात. निर्णय मात्र तोच राहतो. मग पंचाला शिव्या देत सगळे गावाकडं. दरवेळी चूक पंचाचीच असते असं नाही. बऱ्याचदा हरकत कशी घ्यायची तेच माहीत नसतं.

सूत्र साधं आहे. पंचाला जे दिसलं त्यावर हरकत चालत नाही. त्याने नियमच चुकीचा लावला, तर चालते. बॉल की स्ट्राईक, सेफ की आऊट, फेअर की फाऊल, यात पंचाचा शब्द शेवटचा.

उदाहरण घ्या. दोन आऊट झालेत, पहिल्या बेसवर रनर आहे आणि तिसरा स्ट्राईक कॅचरच्या हातून सुटला. दोन आऊट असताना पहिला बेस भरलेला असला तरी बॅटर पळू शकतो. ‘बेस भरलाय, म्हणून आऊट’ असं पंच म्हणाला, तर ती नियमाची चूक. इथं हरकत टिकते. पण चेंडू थेट हातात आला की टप्पा पडून, हा वाद असेल तर टिकत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. पुढचा चेंडू पडण्याआधी प्रशिक्षकाने पंचाला ‘हरकत आहे’ असं स्पष्ट सांगावं लागतं. पंच ते समोरच्या संघाला आणि गुणलेखकाला कळवतो आणि खेळ पुढं चालू राहतो. एक चेंडू पडला की ती संधी गेली. अपात्र खेळाडूच्या तक्रारीला मात्र ही अट नाही.

नंतर लेखी अर्ज. त्यात तारीख, वेळ, ठिकाण, पंचांची नावं, नियमाचा क्रमांक आणि काय घडलं ते लिहायचं. मुदत आणि शुल्क स्पर्धेगणिक वेगळं असतं, ते आधीच विचारून ठेवावं. हरकत मान्य झाली तर निर्णय दुरुस्त करून त्याच ठिकाणापासून सामना पुन्हा खेळवतात. लगेच विजय पदरात पडत नाही.

या स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण अवलंबून असतं. मोठ्या शाळांचे प्रशिक्षक नियमपुस्तक सोबत ठेवतात. खेड्यातल्या शाळेत एकच शिक्षक सगळे खेळ सांभाळतो. बॅट-ग्लोव्हजच्या खर्चात नियमपुस्तकाची एक प्रत सहज बसते. ती किटमध्ये असली, तर पोरांची वर्षभराची मेहनत एका चुकीच्या निर्णयापायी वाया जाणार नाही.