‘आमच्या घराण्यातच शुगर आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या घरात शुगर ही वाटणीतल्या जमिनीसारखी येते. आजोबांना होती, मोठ्या काकांना झाली, पप्पांना चाळिशीत लागली. मला कुणी ‘आत्तापासून जप’ म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, “आमच्या घराण्यातच आहे, जपून काय होणार?” जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणणारे आपण, पण तब्येतीचा विषय निघाला की लगेच नशिबावर ढकलून मोकळे!

मागच्या दिवाळीनंतर पप्पांची एक दाढ हलायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी दाढ बघायच्या आधीच विचारलं, “काका, शुगर किती असते?” पप्पा वैतागले. “दाढ दुखतीय डॉक्टर, शुगरची गोळी चालूच आहे.” डॉक्टरांनी हिरडीला बारीक सळई लावली, तर लगेच रक्त. “ब्रश करताना येतं का?” “येतं की, चार-पाच वर्षं झाली.”

घरात सगळ्यांना ते माहीत होतं. आम्हाला वाटायचं, ब्रश कडक असेल. आज्जीनं तर मशेरी लावायला सांगितली होती. आठ वर्षं गोळ्या चालू, अधूनमधून रक्ताची तपासणी, पण ‘काका, जरा तोंड उघडा’ असं एकदाही कुणी म्हणालं नाही. आणि आम्हीही कुणाला सांगितलं नाही. दात वेगळे, शुगर वेगळी, असंच डोक्यात पक्कं बसलेलं.

ते तसं नाही. हिरड्यांचा जुनाट आजार आणि मधुमेह यांचं नातं दुहेरी आहे. दातांवर साचलेल्या थरात जंतू वाढतात, हिरडी सुजते, दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल फट पडते. तिथली सूज तिथेच थांबत नाही. सूज वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचं काम अवघड करून ठेवतात. साखर वाढते. वाढलेली साखर परत हिरडीवर उलटते: बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जखम लवकर भरत नाही, जंतूंचं फावतं. हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञानं 1993 मध्येच हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाचा सहावा दुष्परिणाम म्हटलं होतं. म्हणजे डोळे, किडनी, नसा यांच्या यादीत हिरडीला जागा मिळून तीस वर्षं उलटली. आपल्या घरापर्यंत ती बातमी अजून पोचायचीय.

आता ‘घराण्यात आहे’ या वाक्याकडे वळू. इथे एपिजेनेटिक्स नावाचा विषय येतो. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. सीनियरकडून घेतलेलं सेकंडहँड पुस्तक आठवा. छापलेला मजकूर सगळ्यांचा सारखाच. पण कुठे पेन्सिलीनं ‘आयएमपी’ लिहिलेलं, कुठे अख्ख्या पानावर ‘सोडून दे’ म्हणून काट. मजकूर तोच, पण वाचलं काय जातं हे त्या खुणांवर ठरतं. आपला डीएनए म्हणजे तो मजकूर. त्यावर बसणारे मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट आणि डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरचे बदल, या झाल्या पेन्सिलीच्या खुणा. कोणता जीन बोलेल आणि कोणता गप्प बसेल, यात त्यांचा मोठा हात असतो. अन्न, सूज, तंबाखू, वाढलेली साखर अशा गोष्टींनी या खुणा बदलतात.

सुजलेल्या हिरडीच्या पेशींमध्ये, सूज वाढवणाऱ्या जीन्सवरच्या अशा खुणा बदललेल्या संशोधकांना दिसल्या आहेत. मधुमेहाच्या बाजूनं एक प्रयोग तर डोळे उघडणारा आहे. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी रक्तवाहिन्यांच्या पेशी फक्त 16 तास जास्त साखरेत ठेवल्या, मग साखर नॉर्मल केली. 2008 मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा की साखर नॉर्मल झाल्यावर 6 दिवसांनीही खुणा तशाच होत्या, आणि त्या होत्या सूज सुरू करणाऱ्या एका मुख्य जीनवर. शरीर साखर विसरत नाही, असं डॉक्टर म्हणतात ते यासाठी. हिरडी आणि शुगर या दोन्ही आजारांत सुजेचंच बटण दाबलं जातं, म्हणून त्यांच्यातला दुवा एपिजेनेटिक असावा, या दिशेनं आता संशोधन चाललंय. हा शेवटचा धागा अजून पक्का विणलेला नाही. पण दोन्ही आजार एकमेकांना खतपाणी घालतात, याबद्दल शंका उरलेली नाही.

कुणी म्हणेल, हे परदेशातलं झालं. मग पुण्याकडे बघा. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची लेकरं यांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडची 3.5 किलोची. पण आपल्या बाळांत कमी पडलं होतं ते मांस. चरबी फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पुढे हेही दिसलं की गरोदरपणात आईला बी-12 कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षी लेकरात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त होतं. आणि गंमत अशी की मिथाइलच्या त्या खुणा करायला शरीराला हीच दोन जीवनसत्त्वं लागतात.

याज्ञिक सरांचा एक फोटोही जगभर गाजला. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! तेव्हा ‘मी तर काडीपैलवान, मला कुठली शुगर’ म्हणणाऱ्या मित्रांनो, तुमच्यासाठीच आहे तो फोटो.

मग घराण्याचा दोष काहीच नाही का? आहे. आनुवंशिकता खोटी नाही. पण घराण्यातून फक्त जीन्स येत नाहीत. सकाळची मशेरी येते, जेवणानंतरचा तंबाखू-चुना येतो, ‘दात पडायचेच, वय झालं’ हे वाक्यसुद्धा येतं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. कॉलेजबाहेर पुडी मिळते की नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: धुरामुळे हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार बरा दिसतो आणि आतून हाड खात राहतो.

2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या सर्वेक्षणानं देशात 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी लोक उंबरठ्यावर असल्याचं सांगितलं. एवढ्या लोकांसाठी महागडी औषधंच शोधत बसायचं का? 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात 35 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. हिरड्यांचा आजार असलेल्या मधुमेहींच्या दातांची मुळापर्यंत सफाई केली, तर तीन-चार महिन्यांत एचबीए1सी सरासरी 0.43 नं उतरलं. आकडा लहान वाटतो, पण शुगरची जास्तीची एखादी गोळी लावूनही कधीकधी एवढाच फरक पडतो. सफाई हा गोळीला पर्याय नाही, जोड आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सरकारी योजनेत तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंडाचा कॅन्सर यांची तपासणी उपकेंद्रापर्यंत होणं अपेक्षित आहे. म्हणजे शुगर बघायची आहेच, तोंड उघडायचं आहेच. मग त्याच वेळी हिरडी बघायला किती वेळ लागतो? ‘ब्रश करताना रक्त येतं का, दात हलतो का’ एवढे दोन प्रश्न त्या फॉर्मवर असायला हवेत. जिंतूर असो की पालम, यासाठी नवी मशीन लागत नाही.

आणि आपण तिशीच्या आतले? आपली वाट कुणी बघत नाहीये. रक्त येत असेल तर ब्रश बदलून गप्प बसू नका, दाखवा. घरात शुगर असेल तर स्वतःचीही एकदा तपासा. आणि आज रात्री जेवताना आई-पप्पांना तो प्रश्न विचारा, जो आमच्या घरात आठ वर्षं कुणी विचारला नाही.

पप्पांची दाढ काढावी लागली. बाकीच्या दातांची सफाई झाली, पुढच्या तपासणीत शुगर थोडी उतरली. त्याच काळात ते रोज सकाळी चालायलाही लागले होते, त्यामुळे सगळं श्रेय सफाईला देता येणार नाही. पण आता ब्रश करताना रक्त येत नाही. आणि ‘घराण्यातच आहे’ हे वाक्य निदान मी तरी बोलायचं बंद केलंय.